ज्याला भाव येत नाही

आमची चाळ रिकामी करण्याच्या वर्षभरात तिची जेवढी मोजणी झाली, तेवढी आधीच्या नव्वद वर्षांत झाली नसेल. लालबागची, तळमजला अधिक तीन, मजल्याला अठरा खोल्या, टोकाला सामाईक संडास. आधी भाडेकरूंची पात्रता तपासणारे आले. मग अंगठ्याचे ठसे घेणारे. मग लेसरचा मीटर घेऊन कार्पेट मोजणारी पोरं आली आणि मोरी धरायची की नाही यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना दोन तास अडवून धरलं. स्ट्रक्चरल ऑडिटवाल्यांनी गर्डर खरवडले, तुळयांत पेचकस खुपसून पाहिले, भेगांचे फोटो काढले.

सगळ्यांत शेवटी आला तोडकामवाला. आणि खरा सर्वे म्हणावा तर त्याचाच. मुंबईत जुनी इमारत पाडणारा बहुतेक वेळा पाडण्याचे पैसे घेत नाही, उलट मालकाला देतो, कारण त्याला भंगार मिळतं. त्यामुळे त्याची नजर सोनाराची असते. हातात बॅटरी, कानावर पेन्सिल. तुळईवर चाकूनं एक चरा मारून वास घेतला, म्हणाला, "बर्मा टीक." कौल उलटं करून मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का वाचला. जिन्याचा बिडाचा कठडा हलवून पाहिला. संडासाच्या पायपापाशी उकिडवा बसून सांध्याला नख लावलं: जुन्या बिडाच्या पायपांचे सांधे ताग ठासून वर शिसं ओतून बंद करत, ते शिसंसुद्धा त्यानं किलोत धरलं. दारं, खिडक्या, गज, तांब्याची वायर, कडी-कोयंडे. पाऊण तासात पानभर यादी.

मागच्या गॅलरीत मात्र तो रेंगाळला नाही. तिथं साठच्या दशकात पावसाची झड अडवायला घातलेले राखाडी, पन्हाळीदार सिमेंटचे पत्रे होते. त्यानं एकावर बोटाची टिचकी मारली.

"ह्याचं काय येत नाही, काका. हे डेब्रिजमध्ये."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. भाव येतो ते यादीत, भाव येत नाही ते ढिगाऱ्यात, हा त्याचा हिशेब. त्याच्या धंद्यात तो चोख आहे. पण आमच्या चाळीच्या सगळ्या मोजण्यांत, सगळ्या कागदांत मिळून त्या पत्र्यांचा उल्लेख करणारं हे एकच वाक्य होतं.

*

'धोकादायक इमारत' हा शब्द मुंबईकराला पाठ आहे. पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते, महापालिका आपल्या सी-१, म्हणजे अतिधोकादायक इमारतींची काढते, वर्तमानपत्रं पत्त्यांसकट छापतात. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या होत्या. त्यातल्या कित्येक पडल्या, कित्येक पाडल्या, हजारो अजून उभ्या आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी वेगळ्याच. शंभरी गाठलेल्या त्या चाळींचं तोडकाम टप्प्याटप्प्यानं सुरू आहे. शिवाय साठ-सत्तरच्या दशकांतल्या उपनगरांतल्या सोसायट्या. सगळं शहर एका हातानं पाडलं जातंय आणि दुसऱ्या हातानं बांधलं जातंय.

या सगळ्यात 'धोकादायक' म्हणजे अंगावर पडेल अशी. पडण्याची भीती रास्तच आहे; दर पावसाळ्यात माणसं मरतात. पण इमारत सुखरूप, ठरवून, नोटिशीनं, परवानगीनं पाडली तरी तिच्या पोटातून काय बाहेर येतं, हा प्रश्न आपल्या शब्दात बसतच नाही.

तो पत्रा घ्या. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, दुकानदार एसी शीट म्हणतो. या 'एसी'मधला 'ए' ॲस्बेस्टॉसचा. पत्र्यात वजनानं साधारण आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो, बाकी सिमेंट. हा तंतू म्हणजे दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. जळत नाही, कुजत नाही, ताण सोसतो, स्वस्त पडतो. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो तोवर तो फारसा कुणाच्या वाटेला जात नाही. पत्रा फुटला, कापला, त्याला भोक पाडलं की केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतू हवेत सुटतात आणि तासन् तास तरंगत राहतात. श्वासावाटे फुप्फुसात खोल गेलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही. त्यातून फुप्फुसं निबर करणारा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि मेसोथेलिओमा नावाचा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कॅन्सर होतो. धूळ आज घेतली तर हा शेवटचा रोग वीस ते पन्नास वर्षांनी उभा राहतो. तोवर मुकादम बदललेला असतो, कंत्राटदार मेलेला असतो आणि त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर असतो. दोष द्यायला पत्ताच उरत नाही.

पत्र्याचा धंदा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, सिमेंटमध्ये बांधलेला असतो म्हणून निर्धोक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. पण वादापुरतं धंदेवाल्यांचं खरं धरू. बांधलेला आहे म्हणून सुरक्षित असेल, तर घण पडतो त्या क्षणी काय? तो प्रश्न छपराचा नाही, तोडकामाचा आहे, आणि त्यावर त्यांचाच युक्तिवाद त्यांच्या विरुद्ध जातो.

आपल्या देशाची यातली भूमिका मजेशीर आहे. दुसरा शब्द सापडत नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं आपण १९८६ साली थांबवलं. खाण वाईट हे मान्य. पण रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून दरवर्षी काही लाख टन मागवून त्याचे पत्रे करणं चालूच. त्यातल्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्वतःच्या देशात त्याच्या वापरावर बंदी घातली. बाहेर विकणं सुरू राहिलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोवर ठेवायला सांगितलं. किती दूरचा विचार! पण तो कारखान्यातल्या कामगारासाठी. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २२ टक्के जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला होता. ते मोजता आले, कारण त्यांची नावं हजेरीपटावर होती. तोडकामाच्या नाक्यावरून रोजावर उचललेल्या पोराचं नाव कुठल्याच पटावर नसतं.

*

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि हेच काम करतो. पाडायच्या किंवा फोडायच्या आधी इमारत धुंडाळण्याचं. त्याची आई अजून लोकांना सांगते, "तो इंजिनियर आहे." तो म्हणतो, "आई, मी घर चाचपणारा वैद्य आहे."

ब्रिटननं निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ साली बंद केला, पांढरा १९९९ साली. त्यामुळे २००० च्या आधीची कुठलीही इमारत संशयित. तिथं आजही ॲस्बेस्टॉसमुळे वर्षाला सुमारे पाच हजार माणसं मरतात. ही जुनी उधारी आहे, जहाजबांधणीच्या आणि युद्धानंतरच्या बांधकामाच्या काळातली. म्हणून तिथं सर्वे दोन प्रकारचे असतात. एक, वापरातल्या इमारतीचा: कुठं काय आहे ते टिपून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. दुसरा पाडण्याआधीचा, आणि हा फोडून करायचा असतो. फरशी उचकटायची, खोटी छतं उतरवायची, भिंतीत भोक पाडून आत बघायचं, लिफ्टच्या खोबणीत उतरायचं. माणसं राहत असताना हा करता येत नाही. इमारत रिकामी झाली, पण हातोडा अजून पडलेला नाही, या मधल्या दिवसांत तो करायचा.

भाऊ करतो ते काम फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं. अंगावर कागदी झगा, तोंडाला दोन डब्यांचा मास्क. आधी जागेवर पाण्याचा फवारा. मग छिन्नीनं नाण्याएवढा तुकडा. तो एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फुटलेल्या कडेला लेप लावून बंद. नंबर, फोटो, नकाशावर खूण. तुकडा प्रयोगशाळेत जातो, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीकृत प्रकाशात तंतू पाहतात. पांढऱ्याचा तंतू कुरळा, लाटेसारखा. तपकिरी आणि निळा सरळ, सुईसारखा. आणि जिथं पोचता आलं नाही, कुलूप होतं, वायर चालू होती, तिथं अहवालात 'आहे असं धरून चालावं' असं लिहायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे जिथं पाहिलं नाही तिथं 'नाही' लिहायची पद्धत आहे.

जपाननं उशिरा सुरुवात केली, पण नेट लावला. २००५ साली आमागासाकी शहरात कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या, तिथं कधी काम न केलेल्या लोकांना मेसोथेलिओमा झाल्याचं बाहेर आलं आणि देश हादरला. आता तिथं पाडण्याआधी सर्वे करावाच लागतो, आणि बांधकाम ८० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर निकाल काहीही असो, तो सरकारला कळवायचा. ८० चौरस मीटर म्हणजे आमच्या चाळीच्या पाच-सहा खोल्या.

*

मी भावाला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि रिकाम्या चाळीतून फिरलो. त्याला निमित्त बालपण बघायचं, मला निमित्त त्याचा धंदा. पण पाच मिनिटांत तो कामाला लागला.

"थांब. मीटरबॉक्स दाखव." चिनीमातीचे जुने किटकॅट फ्यूज. "एक उपस." आत तारेखाली मळकट, कापडासारखी पट्टी. "ठेव परत." गच्चीवरची करड्या रंगाची, कड गेलेली पाण्याची टाकी. "सिमेंटची? मग तीच." पावसाच्या पाण्याचे उभे पाईप: खालचे बिडाचे, वरचे सिमेंटचे. बालवाडीच्या खोलीच्या छताला मारलेले सपाट पांढरे बोर्ड, त्यांना नक्षत्रमालेसारखी भोकं. मला आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. स्पिरिटच्या दिव्यावर तिपाई, तिपाईवर तारेची जाळी, जाळीच्या मधोमध पांढरा गोल. तो गोल आम्ही नखानं खरवडून काढायचो. भावाला विचारलं. तो नुसता हसला.

रंगांकडे मग त्यानंच वळवलं. दारांवर ऑइलपेंटचे थर होते: हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली तपकिरी. शिश्याचा विचार त्याच्या डोक्यात लगेच येतो, आपल्या येत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं, कारण शिसं आपल्या भाषेतच आहे. मारुतीचा शेंदूर आणि गर्डरला मारायचा लाल प्रायमर, दोन्ही मुळात शिश्याचे. जुना सफेदा शिश्याचा. मुर्दाडशिंगही तेच. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा कुठलाही ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा, संशयित. आणि आमची दारं तर भाव येणारी वस्तू! ती ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जाणार, तिथं कुणीतरी पॉलिश पेपरनं किंवा गरम हवेच्या बंदुकीनं रंग उतरवणार, आणि मग एखाद्या कॅफेत 'व्हिंटेज' म्हणून टेबल होणार. धूळ उडणार ती उतरवणाऱ्याच्या नाकात. म्हणजे तोडकामवाल्याच्या यादीतही विष आहेच, फक्त किमतीसकट.

बाकीचं पटापट झालं. ट्यूबलाइटमधला पारा. पोटमाळ्यावरची कबुतरांची वीतभर विष्ठा. तिकडे सर्वेत तीही लिहितात.

शेवटी तळमजल्यावर आबांच्या खोलीपाशी आलो. आबा गिरणीत फिटर होते, बॉयलरखात्यात. खोली रिकामी झाली तेव्हा ते मुलाकडे बदलापूरला गेले, तिथं जाऊन भेटलो. वाफेच्या पायपांवर काय असायचं, विचारलं. "दोरी. पांढरी. आणि वरनं लेप. भट्टीचं दार, व्हॉल्व्हचा ग्लँड, सगळीकडं दोरी. हातानं पिंजून ओली करून भरायची." १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, मग बॉयलरघरं पाडली गेली. ते पाडायलाही आबा काही दिवस रोजावर गेले होते. तेव्हा कुणी काही सांगितलं? "काय सांगायचं? लोखंड गॅसकटरनं कापायचं, लेप पहारीनं पाडायचा. हे असं पांढरं व्हायचो." त्यांनी भुवयांवरून हात फिरवला. आबांना खोकला आहे. गिरणीत कापसाच्या खात्याजवळ उमेदवारी झालेली, विडी होतीच. तो खोकला कुणाच्या खात्यावर लिहायचा, हे आता कुठला डॉक्टर सांगणार?

*

मग मी ठरवलं, आपल्या पत्र्याचा निकाल लावायचाच. एका तुटक्या पत्र्याच्या कडेवर इस्त्रीची पाण्याची बाटली फवारली, कोरोनातला उरलेला एन-९५ लावला, पकडीनं तुकडा मोडला, झिपच्या दोन पिशव्यांत घातला. भावाला अभिमानानं फोटो पाठवला. त्याचा फोन आला तो शिव्या घालतच: ह्या कामाचा मास्क वेगळा असतो, आणि मुळात तुला तुकडा तोडायला सांगितला कुणी? "जुना पन्हाळीदार सिमेंटचा पत्रा, भारतातला. आहे असं धरून चाल. टेस्टचे पैसे पत्रे नीट उतरवायला घाल." बरोबर होतं ते. पण कागदाशिवाय आपल्याकडे ऐकतं कोण?

दोन प्रयोगशाळांनी नाही म्हटलं. एकीनं पाणी, माती, अन्न तपासतो म्हणून सांगितलं, दुसरीनं फोन तीनदा फिरवला. तिसरीनं घेतला. सोळा दिवसांनी एका ओळीचा निकाल: क्रिसोटाइल आढळले.

तो कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणत्या ते सोडा. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी नियमांची प्रत काढून दाखवली. तेव्हाच्या, २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल तर तो वेगवेगळा करून द्यायचा: काँक्रीट-माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला. चार ढीग. "तुमचा पत्रा यातल्या कशात बसतो?" त्यांनी मलाच विचारलं. नवे नियम २०२५ मध्ये आलेत, हेही त्यांनीच सांगितलं. मुद्दा इतकाच की हेच ॲस्बेस्टॉस कारखान्यातून टाकाऊ म्हणून निघालं तर त्याचं नाव घातक कचऱ्याच्या यादीत आहे, आणि त्यासाठी तळोज्याला शास्त्रोक्त भरावभूमी आहे. लालबाग ते तळोजे, ट्रकनं दीड-दोन तास. ॲस्बेस्टॉसचा टाकाऊ माल कसा हाताळावा याचं भारतीय मानक १९८६ पासून छापील आहे. म्हणजे जागा आहे, नियमावली आहे, प्रयोगशाळाही शोधली तर सापडते. नाही ते एवढंच, की पाडण्याच्या परवानगीआधी कुणीतरी विचारायचं: आत काय आहे?

विकासकाला निकालाची प्रत आणि पत्र दिलं. पोच मिळाली. उत्तर नाही.

पत्रे उतरले एका मंगळवारी. मी समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभा होतो. कलबुर्गीकडची चार पोरं होती, पायात चपला, तोंडाला गमछा. पहिले काही पत्रे त्यांनी घणानं फोडून मागच्या चौकात टाकले. प्रत्येकाबरोबर राखाडी ढग उठायचा आणि वाऱ्यावर शेजारच्या बालवाडीकडे सरकायचा. मग मुकादमानं हाक मारली, "साबूत उतरवा रे!" मला क्षणभर वाटलं, माझं पत्र पोचलं. पुढचे सात पत्रे त्यांनी हुकबोल्ट कापून अलगद, अख्खे उतरवले. म्हणजे करता येतं, आणि त्याला पत्र्यामागं पाच मिनिटं पुरतात. ते सात पत्रे गेटपाशी वॉचमनच्या खोलीवर चढले. नवे स्क्रू मारायला ड्रिलनं त्यांना भोकं पाडली. पत्र्यांखाली आता वॉचमन, त्याची बायको आणि वर्षाची मुलगी राहतात. आधी फोडलेले पत्रे विटांच्या ढिगात गेले, आणि ट्रक कुठं गेला ते ड्रायव्हरलाच ठाऊक.

तुमची इमारत पुनर्विकासाला जायची असेल आणि विकास करारनाम्यात कॉर्पस, भाडं, पार्किंग यांवर भांडण चालू असेल, तर त्यात एक कलम आणखी घाला: इमारत रिकामी झाल्यावर आणि तोडकामाआधी घातक साहित्याचा सर्वे, त्याची प्रत सोसायटीला, आणि सिमेंटचे पत्रे, टाक्या, पाईप ओले करून, न फोडता उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या भरावभूमीत. खर्च विकासकाचा. आणि ज्यांच्या घरावर, पडवीवर, गोठ्यावर असे पत्रे आहेत त्यांना दिवाळीच्या साफसफाईपुरतं सांगणं: पत्रा शेवाळला असला तरी तारेच्या ब्रशनं घासू नका. आमची आई दरवर्षी घासायची. पाणी मारा आणि तसाच राहू द्या.